तळागाळातला राजा

एखाद्या पुढाऱ्याला सरळ गाढव म्हणायला अक्कल लागत नाही. ते काम न्हाव्याच्या दुकानात बसलेले चार लोक रोज सकाळी फुकट करतात! पण त्याच पुढाऱ्याला असं काहीतरी म्हणायचं, की ते वाचून तो आरशासमोर मिशीला पीळ देईल आणि जाणकार मात्र पोट धरधरून हसतील, त्याला प्रतिभा लागते. ही प्रतिभा माझ्याकडे पोत्यानं आहे, असं माझं परवापरवापर्यंत प्रामाणिक मत होतं.

मी आमच्या शहरातल्या एका दैनिकात उपसंपादक आहे. म्हणजे आठवडाभर दुसऱ्यांचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारतो आणि रविवारी 'टाचणी' नावाचं सदर लिहितो. कोणाला टोचायचं ते राजकारण पुरवतं, कशानं टोचायचं ते साहित्य! जुन्या नाटकातला एखादा राजा उचलायचा आणि अलगद एखाद्या नगरसेवकाच्या डोक्यावर ठेवून द्यायचा. नऊ वर्षांत एकाही पुढाऱ्यानं माझ्यावर खटला भरला नाही. माझ्या मते हा माझ्या नजाकतीचा पुरावा होता. बायकोचं मत वेगळं होतं, पण ते मी विचारात घेतलेलं नव्हतं.

बायको नगर वाचनालयात ग्रंथपाल आहे. एका मंगळवारी ती घरी आली, पर्स खुर्चीवर ठेवायच्या ऐवजी फ्रीजमध्ये ठेवली आणि पाण्याची बाटली खांद्याला लावून उभी राहिली. मी ओळखलं, काहीतरी बिनसलंय.

"वाचनालय पाडतायत," ती म्हणाली.

"कोण?"

"महापौर. तिथं गाड्या उभ्या करायला जागा करणार. महिनाअखेरीला निरोप समारंभ, दुसऱ्या दिवशी बुलडोझर. पुस्तकं पाण्याच्या टाकीखालच्या गोदामात टाकणार आणि मला जन्म-मृत्यू नोंदणीत."

एकवीस वर्षं तिनं ते वाचनालय पोटच्या पोरासारखं सांभाळलं होतं. कोणतं पुस्तक कोणत्या कपाटात, हे तिला झोपेतसुद्धा सांगता यायचं. मी स्वतः ऐकलंय! तिचे डोळे भरून आले तसा माझ्यातला लेखक बाह्या सरसावून उभा राहिला.

"तू काळजी सोड," मी म्हणालो. "रविवारच्या 'टाचणी'त त्या महापौराला असा उभा सोलतो, की शहरभर हसं होईल!"

"अहो, सरळ लिहा ना, 'वाचनालय पाडू नका' म्हणून. तीन शब्द."

"सरळ कोणीही लिहील! त्याला मी कशाला हवा?"

तिनं बाटली खांद्यावरून काढली आणि पर्स आणायला फ्रीजकडे गेली.

मी मात्र पेटलो होतो. मला 'कूपमंगल' आठवलं. जुनं नाटक आहे, आम्हाला कॉलेजात परीक्षेला होतं. त्यात राजा गभीर नावाचा एक महामूर्ख राजा. स्वतः उद्घाटन केलेल्या विहिरीत स्वतःच पडतो. तळाशी बसून भाषण ठोकतो. विहिरीतून त्याचाच आवाज परत येतो, तर त्याला वाटतं, प्रजा होकार देतेय! मग काय, वर यायचं नावच काढत नाही. महापौरांसाठी माप घेऊन शिवावा तसा अंगरखा! मी लिहिलं, 'आमचे महापौर म्हणजे आजच्या युगाचे साक्षात राजा गभीर! ज्यांनी कूपमंगल वाचले आहे, त्यांना अधिक सांगणे न लगे.'

अधिक सांगणे न लगे! किती डौलदार! मी ते वाक्य बायकोला दोनदा वाचून दाखवलं.

तिच्या कपाळावर आठी पडली. "राजा गभीर? नक्की?"

"नक्की म्हणजे? तोंडपाठ आहे मला!"

"एकदा नाटक उघडून तरी बघा. आमच्याकडे प्रत आहे."

"अगं, ज्याला पोहता येतं तो आधी पाण्याची खोली मोजत बसत नाही!"

रविवार उजाडला. अंक घरोघरी गेला. मी खिडकीत उभा राहून शहर हसायची वाट बघू लागलो. समोरच्या गच्चीवर एक माणूस पेपर वाचताना जोरात फिस्सकन आवाज करून वाकला. मला आनंदाचं भरतं आलं. मग कळलं, तो शिंकला होता.

सोमवारी कार्यालयात गेलो, तर संपादकांचा चेहरा पांढराफटक. आमचे संपादक तसे शूर आहेत, फक्त पालिकेच्या जाहिराती बंद होतील या एका विचारानं त्यांना घाम फुटतो.

"महापौरांच्या सहायकाचा फोन आहे," त्यांनी रिसीव्हर माझ्याकडे असा दिला, जणू तो साप होता. "तुम्हीच बोला. मी इथं नाही. मी कालपासून इथं नाही!"

मी घसा खाकरला. "नमस्कार."

"नमस्कार! साहेबांनी तुमचं सदर वाचलं. म्हणजे मी वाचून दाखवलं. साहेब विचारतायत, हा राजा गभीर कसा राजा आहे?"

माझी सगळी प्रतिभा टाचेतून जमिनीत उतरली. "कसा म्हणजे... फार खोल!"

"खोल?"

"खोल म्हणजे... एकदम तळाशी!"

"तळाशी? म्हणजे तळागाळातला?"

"हो!" मी बुडत्यासारखी काडी पकडली. "तळागाळातलाच! तिथून वर यायलाच तयार नाही!"

पलीकडे फोनवर हात ठेवून कुजबुज झाली. मग सहायक म्हणाला, "साहेब भारावलेत! आजवर पेपरवाल्यांनी त्यांना इतकं ओळखलंच नव्हतं म्हणाले!"

बुधवारी सकाळी चौकात वीस फुटी फलक लागला. महापौर हात जोडून उभे, डोक्यावर मुकुट चिकटवलेला, खाली अक्षरं: 'तळागाळातला राजा! आजचे राजा गभीर!' आणि त्याखाली बारीक अक्षरांत, 'टाचणीकारांच्या शब्दांत'. संध्याकाळपर्यंत असे बेचाळीस फलक झाले. एक तर आमच्या घरासमोरच, मुकुटाचं टोक थेट स्वयंपाकघराच्या खिडकीत.

"छान सोललंत," बायको भांडी विसळता विसळता म्हणाली.

मी मनातल्या मनात म्हटलं, हेच तर यश! ज्याला टोचली त्यालाच गुदगुल्या झाल्या. आता जाणकार हसतील. जाणकार कुठे राहतात, ते मात्र मला माहीत नव्हतं.

गुरुवारी विरोधी पक्षाच्या ताई थेट माझ्या टेबलाशी येऊन थडकल्या. ताई म्हणजे तुफान! नऊ वर्षांत तीन पक्ष बदलले आणि प्रत्येक वेळी पक्षच आपल्याला सोडून गेला असं ठणकावून सांगितलं.

"त्यांना राजा करता, आणि आम्ही काय नाटकातला पडदा धरून उभं राहायचं?" त्यांनी हातातली छत्री टेबलावर आपटली. "त्या नाटकात बाई नाही का एखादी? माझ्याजोगी?"

संपादक कपाटाआडून खुणा करत होते, द्या, काहीतरी द्या! मी डोळे मिटून आठवू लागलो. परिवर्तिनी असं एक नाव धूसर आठवलं. कोण होती बरं? राजमाता असणार. नावावरून तर क्षणाक्षणाला बाजू बदलणारीच दिसत होती. त्याही अवस्थेत मला मनातून हसू आलं. पुन्हा एकदा नेम बरोबर लागला होता!

"आहे की! परिवर्तिनी! राजाच्या सर्वांत जवळची! तिच्याशिवाय राज्याचं पाऊल पुढे पडत नाही!"

"परिवर्तन! अहो, आमची घोषणाच ती!" ताईंचा चेहरा उजळला. शुक्रवारी चौकात दुसरा फलक. बावीस फुटी. 'राज्य पुढे नेणारी परिवर्तिनी!'

इथवर सगळं ठीक होतं. पण शनिवारी सहायकाचा पुन्हा फोन आला.

"साहेबांनी ठरवलंय, वाचनालयाच्या निरोप समारंभात ते स्वतः 'कूपमंगल' वाचून दाखवणार! तिसरा आणि चौथा अंक. शहरात एकच प्रत आहे म्हणे, वाचनालयात. तुम्ही पहिल्या रांगेत बसायचं. ताईही येणार आहेत. छायाचित्रकार चार!"

मी फोन ठेवला. चौथा अंक! चौथ्या अंकातच तर राजा विहिरीत पडतो! महापौर चार छायाचित्रकारांसमोर आपल्याच तोंडानं वाचणार, की आपण महामूर्ख आहोत! आणि त्यानंतर? वाचनालय जाणार, माझी नोकरी जाणार, पेपर जाणार. संपादकांच्या डोक्यावरचे राहिलेले केससुद्धा जाणार!

मी तडक वाचनालय गाठलं. दुपारची वेळ. वर्तमानपत्रांच्या टेबलाशी नेहमीचे तिघे डुलक्या घेत होते. बायको खिडकीजवळ परत आलेल्या पुस्तकांवर शिक्के मारत होती. मी पाय न वाजवता नाटकांच्या कपाटाशी गेलो. सापडलं! निळ्या कापडी बांधणीचं, हाताच्या पंजाएवढं पुस्तक. एवढंसं पुस्तक, पण माझ्या गळ्यात धोंडा बांधून उभं! मी ते काढलं आणि बागकामाच्या पुस्तकांमागे सारलं. गुलाबाची छाटणी आणि गांडूळखत यांच्या मधोमध. इथं महापौरांनी सात जन्म शोधलं तरी—

"ते तिथलं नाही," मागून बायकोचा आवाज आला. मान वरसुद्धा केलेली नव्हती! "परत जागेवर ठेवा."

मी तिच्यापाशी जाऊन हात जोडले. "अगं, हे पुस्तक हरवायला हवं. थोड्याच दिवसांसाठी!"

"एकवीस वर्षांत माझं एक पुस्तक हरवलेलं नाही."

"मग मी रीतसर नेतो. सभासद आहे मी!"

तिनं खण उघडून एक कार्ड काढलं. "राखून ठेवलंय. महापौरांनी. तुमचा नंबर तिसरा."

"दुसरा कोण?"

"ताई."

"मी तुझा नवरा आहे!"

"हळू बोला. वाचक झोपलेत."

मी शेवटचा उपाय म्हणून रडवेलं तोंड केलं. ते मला छान जमतं. तिनं शिक्का बाजूला ठेवला, माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "हातात आहे ना पुस्तक? मग उघडून बघा की चौथा अंक."

"अगं, तो बघवत नाही म्हणून तर आलोय!" मी ओरडलो. तिघांपैकी दोघे जागे झाले. तिनं माझ्या हातातून पुस्तक काढून घेतलं आणि कुलपात ठेवलं.

समारंभाच्या दिवशी वरच्या मजल्यावरचा वाचनकक्ष खच्चून भरला. ज्या वाचनालयात एरवी तीन माणसं झोपायला येतात, तिथं बसायला जागा नव्हती! फलकांमुळं सगळ्यांना उत्सुकता, हा राजा गभीर आहे तरी कोण? पहिल्या रांगेत एका बाजूला ताई, दुसऱ्या बाजूला मी आणि माझ्याशेजारी संपादक. त्यांनी राजीनामा लिहूनच आणला होता. माझा.

बायकोनं पुस्तक महापौरांच्या हातात दिलं. मी बघितलं, तिसऱ्या अंकाच्या पानात तिनं खूण घालून ठेवली होती. म्हणजे शोधायलासुद्धा वेळ लागणार नव्हता! मला त्या क्षणी लग्नाचा पुनर्विचार करावासा वाटला.

महापौरांनी चष्मा लावला. तसा आवाज भारदस्त. एरवी गटाराच्या उद्घाटनालासुद्धा युद्धाची घोषणा केल्यासारखे बोलतात.

"अंक तिसरा! राजवाड्याचे अंगण. राजा गभीर प्रवेश करतो. त्याच्यामागून परिवर्तिनी प्रवेश करते!"

ताईंनी पदर सावरला आणि चारही छायाचित्रकारांकडे बघून स्मित केलं.

"राजा प्रेमाने परिवर्तिनीच्या पाठीवर हात फिरवतो. परिवर्तिनी... परिवर्तिनी खिंकाळते आणि शेपटी हलवते."

सभागृहात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. मग मागून कोणीतरी फुसकन हसलं आणि धरण फुटल्यासारखा हशा उसळला. राजाची घोडी! राजमाता नव्हे, घोडी! मी खुर्चीत विरघळू लागलो. ताईंनी माझ्याकडे असं बघितलं, की त्या नजरेवर दूध तापलं असतं.

महापौरांना मात्र स्फुरण चढलं. हशा आपल्या वाचनाला आहे असं समजून त्यांनी आवाज आणखी चढवला. "प्रधान म्हणतो, 'महाराज, रथांना जागा अपुरी पडते. ग्रंथशाळा पाडून तेथे रथशाळा बांधावी.' राजा गभीर क्रोधाने उठतो! 'प्रधानजी! रथ भिजले तर पुसता येतील. ग्रंथ भिजले तर आमची प्रजा कोरडी राहील! रथशाळाच रिकामी करा आणि तेथेही ग्रंथ ठेवा! जोवर हा गभीर जिवंत आहे, तोवर ग्रंथशाळेच्या एका विटेलाही...'"

'हात' हा शब्द त्यांच्या घशातच राहिला. त्यांनी पान जवळ धरलं, लांब धरलं. पान तेच होतं.

मी डोळे विस्फारून बायकोकडे बघितलं. ती दाराजवळ हाताची घडी घालून उभी होती. चेहऱ्यावर तसं काहीच नव्हतं. फक्त डाव्या गालावरची खळी जरा खोल गेली होती.

आणि ताई उठल्या! राजकारणी बाई. पडली तरी माती मुठीत घेऊनच उठणार. "मी घोडी तर घोडी!" त्या गरजल्या. "पण राजे, आता एवढं सांगा, रथ कुठे लावणार?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. महापौरांनी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर त्यांचाच फलक होता, मुकुटासकट. मग छायाचित्रकारांकडे बघितलं. मग त्यांनी चष्मा काढला, कपाळ पुसलं आणि जोरदार हसले.

"अहो, हेच तर जाहीर करायला मी आज आलो होतो! हा निरोप समारंभ वाचनालयाचा नाही. वाचनालय पाडायच्या ठरावाचा आहे!"

लोक बाकांवर उभे राहिले. झोपाळू तिघांपैकी एकानं तर दुसऱ्याला मिठी मारली. मला गहिवरून आलं. वाचनालय वाचलं! आणि राजा गभीर महामूर्ख नव्हता, तर थोर होता! पण मग एक शंका आली. विहिरीत कोण पडलं होतं?

"अंक चौथा!" महापौरांनी चष्मा पुन्हा चढवला. ते आता थांबायला तयारच नव्हते. "विहिरीचा काठ. राजकवी वक्रवाणी प्रवेश करतो. राजाची निंदा सरळ शब्दांत न करता अत्यंत गहन श्लोकांत करावी, अशी त्याची ख्याती आहे. ते श्लोक राजाला कळत नाहीत, प्रजेला कळत नाहीत, प्रधानाला कळत नाहीत. श्लोक रचता रचता वक्रवाणी मागे मागे सरकतो आणि विहिरीत पडतो."

माझे कान तापले.

"तळाशी बसून तो श्लोक म्हणतो. स्वतःच 'वाहवा' म्हणतो आणि विहिरीतून तीच 'वाहवा' परत येते. प्रजा दाद देत आहे असे समजून तो वर यायला नकार देतो!"

संपादक माझ्या कानाशी वाकले. "हे कोणासारखं वाटतंय हो?" आणि मग, देवाशपथ सांगतो, पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत एकेक मान माझ्याकडे वळली.

आता खरं सांगायलाच हवं. 'कूपमंगल' आम्हाला परीक्षेला होतं, हे खरं. मी ते वाचलं होतं, हे खरं नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी वसतिगृहाच्या जिन्यात एका मित्रानं मला त्याची गोष्ट सांगितली होती. त्या मित्राला त्या विषयात सात गुण पडले.

घरी येताना रस्त्यात मी बायकोला विचारलं, "तुला सगळं माहीत होतं?"

"मी ग्रंथपाल आहे. पुस्तकं वाचायचा पगार मिळतो मला."

"मग सांगायचं नाही?"

"दोनदा म्हटलं, उघडून बघा. तुम्हाला पोहता येत होतं."

मी तिच्या हातातली पिशवी घेतली. जड होती. तिला त्या दिवशी एकशे सोळा नवे सभासद मिळाले होते आणि सगळे अर्ज ती घरी तपासायला आणत होती.

त्या आठवड्यात आणखी एक गोष्ट घडली. 'टाचणी'ला नऊ वर्षांत पहिल्यांदाच वाचकाचं पत्र आलं! संपादकांनी ते सगळ्यांसमोर माझ्या टेबलावर ठेवलं. निवृत्त गणित शिक्षक होते. मोत्यासारखं अक्षर. मी छाती फुगवून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

'आदरणीय टाचणीकार, आम्ही उभयता नऊ वर्षे आपले सदर न चुकता वाचतो. शब्दकोडे अर्ध्या तासात सुटते, पण शेजारचे आपले कोडे पूर्ण रविवार खाते. हा पुढारी कोण, हा राजा कोण, यावर आमच्या घरात पैजा लागतात. आजवर एकही सुटलेले नाही. राजा गभीरचे उत्तर मात्र प्रथमच जाहीर झाले, त्याबद्दल आभार. एक नम्र सूचना आहे. यापुढे उत्तर त्याच अंकात, तळाशी, उलट्या अक्षरांत छापावे.'

छापतो आता. संपादक म्हणतात, खप वाढलाय.